सेनापती बापट आणि नेम चुकणारी हत्यारं



पावसाळ्यात तुमच्यापैकी बरेच जण ताम्हिणी घाटात जाऊन आले असतील. पुण्याहून निघालं की चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड अशी गावं मागे पडतात आणि मग डोंगरांच्या मधोमध मुळशी धरणाचं पाणी दिसायला लागतं. आपण गाडी थांबवतो, फोटो काढतो, गरम भजी खातो आणि पुढे जातो. पण त्या पाण्याखाली एकेकाळी भाताची खाचरं होती, घरं होती, देवळं होती. ती वाचवण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी इथल्या मावळ्यांनी मोठा लढा दिला. त्या लढ्यात एका माणसाला लोकांनी सेनापती ही पदवी दिली. त्यांचं नाव पांडुरंग महादेव बापट. पुण्यातला आणि मुंबईतला सेनापती बापट रस्ता तुम्हाला माहीत असेलच.

या सेनापतीकडे ना सैन्य होतं ना तोफा. पण त्यांच्या आयुष्यात हत्यारं मात्र पुन्हा पुन्हा आली. रायफल आली, बॉम्ब आला, पिस्तूल आलं. आणि दर वेळी त्या हत्यारात काहीतरी खोट निघाली. आजच्या पाठात आपण बापटांचं चरित्र याच बाजूने पाहणार आहोत. नुसत्या सनावळ्या पाठ करण्यापेक्षा हा माणूस काय शिकत गेला, ते समजून घेऊया.

हत्यार वाईट कधी ठरतं?

आधी थोडं हत्यारांबद्दल. एखादी बंदूक वाईट आहे असं आपण कधी म्हणतो? उडत नाही, अडकते, फुटते, तेव्हा. इतिहासात अशा बंदुका कमी नाहीत.

पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याकडे शोशा नावाची हलकी मशीनगन होती. तिच्या गोळ्यांची पेटी अर्धचंद्रासारखी आणि एका बाजूने उघडी होती. किती गोळ्या उरल्या ते सैनिकाला दिसावं, हा हेतू. कागदावर कल्पना छान वाटते. पण ते युद्ध लढलं गेलं चिखलाच्या खंदकांत. उघड्या पेटीत चिखल शिरायचा आणि ऐन हल्ल्यात बंदूक अडकायची. त्याच युद्धात कॅनडाच्या सैनिकांना रॉस रायफल दिलेली होती. नेमबाजीच्या मैदानावर ती अचूक, पण खंदकातल्या मातीत तिचा खटका जाम व्हायचा. वर तिचा बोल्ट चुकीचा जोडला गेला तर तो मागे उसळून चालवणाऱ्याच्याच तोंडावर येण्याची भीती. सैनिकांनी ती टाकून ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलल्या आणि १९१६ मध्ये ती आघाडीवरून काढून घेण्यात आली.

आपल्याकडचं उदाहरण तर तुम्ही इतिहासात शिकलाच आहात. १८५७ ची एनफिल्ड रायफल. बंदूक म्हणून ती जुन्या बंदुकीपेक्षा कितीतरी सरस होती. पण तिचं काडतूस दातांनी फाडावं लागे आणि त्याला गाईची आणि डुकराची चरबी लावलेली आहे, अशी बातमी छावण्यांतून पसरली. ज्याच्या हातात हे हत्यार द्यायचं, त्या शिपायाचा विचार करणाऱ्यांनी केलाच नव्हता. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे.

म्हणजे बघा, हत्यारातला एक दोष यंत्रात असतो. दुसरा दोष वापरणाऱ्याचा विचार न करण्यात असतो. पण तिसराही एक दोष असतो. तो बंदूक उघडून पाहिली तरी दिसत नाही. तो म्हणजे हत्यार भलत्यालाच लागणं. बापटांच्या आयुष्यात हा तिसरा दोष सगळ्यात मोठा ठरला.

पारनेरचा पांडुरंग

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेरला झाला. पारनेर तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं. घरची परिस्थिती बेताची, पण मुलगा अत्यंत हुशार. मॅट्रिकला संस्कृतसाठी दिली जाणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. ही शिष्यवृत्ती मिळणं म्हणजे त्या काळी गावभर पेढे वाटण्याची गोष्ट. मग ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि १९०३ साली बी.ए. झाले.

ते शाळेत होते तेव्हाच पुण्यात एक मोठी घटना घडून गेली होती. २२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यावर समारंभ होता. प्लेगच्या बंदोबस्तात घराघरांत शिपाई घुसवून लोकांना छळणारा अधिकारी रँड तिथून परतत होता. दामोदर चापेकरांनी त्याला गोळी घातली. पण रात्रीची वेळ, रस्त्यावर घोडागाड्यांची रांग. दुसऱ्या गाडीत लेफ्टनंट आयर्स्ट होता. बाळकृष्ण चापेकरांची गोळी त्याला लागली आणि तो जागीच मेला. रँड पुढे ३ जुलैला मेला. पिस्तुलं व्यवस्थित चालली. खटका अडकला नाही, दारू भिजली नाही. पण ज्याच्यावर राग होता तो एक, आणि आधी मेला दुसराच. चापेकर बंधू फासावर गेले.

डेक्कन कॉलेजात असताना चापेकरांच्या परंपरेतल्या दामोदर बळवंत भिडे यांच्याशी बापटांची ओळख झाली. हातात शस्त्र घेऊन त्यांनी देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढण्याची शपथ घेतली. वय विशीच्या आसपास. ही शपथ त्यांनी शेवटपर्यंत पाळली, पण ती पाळण्याची रीत मात्र बदलत गेली. ती कशी बदलली, हाच आपला विषय आहे.

एडिंबरो ते पॅरिस

१९०४ साली मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून बापट स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला गेले. तिथल्या हेरियट-वॉट कॉलेजात ते यांत्रिकी इंजिनिअरिंग शिकू लागले. त्याच गावात क्वीन्स रायफल क्लबमध्ये त्यांनी नेमबाजीही शिकून घेतली. ज्या राणीच्या राज्याविरुद्ध लढायचं, तिच्याच नावाच्या क्लबात बंदुकीचे धडे!

पण फक्त शिकून गप्प बसणारा हा माणूस नव्हता. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश राज्यावर त्यांनी एका सभेत परखड निबंध वाचला. परिणाम ठरलेलाच. मुंबई विद्यापीठाने शिष्यवृत्ती बंद केली. आता परदेशात पैसे नाहीत, डिग्री अर्धवट. अशा वेळी श्यामजी कृष्ण वर्मा यांच्या लंडनमधल्या इंडिया हाउसचा आधार मिळाला. तिथे विनायक दामोदर सावरकरांशी जवळीक झाली. ब्रिटिश पार्लमेंटच उडवून द्यावं, असाही विचार बापटांच्या मनात त्या दिवसांत येऊन गेला होता.

मग ते पॅरिसला गेले. रशियात झारच्या विरुद्ध लढणारे अनेक क्रांतिकारक तेव्हा पॅरिसमध्ये आश्रयाला होते. त्यांच्याकडून बॉम्बची विद्या शिकायची, असा बेत होता. बंगालमधल्या मिदनापूरचे हेमचंद्र कानुनगो हे त्याच कामासाठी आपलं घरदार मागे ठेवून तिथे आलेले होते. दोघांनी मिळून ही विद्या घेतली. रशियन भाषेतली एक माहितीपुस्तिका मिळाली, तिचं इंग्रजी भाषांतर झालं, प्रती निघाल्या. १९०८ च्या सुमारास ही पुस्तिका घेऊन बापट मायदेशी परतले. पुढे तिची एक प्रत कलकत्त्याच्या माणिकतळा बागेत पोलिसांना सापडली आणि दुसरी नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घरात.

विचार करा, संस्कृतचा शिष्यवृत्तीधारक, इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, आणि बॅगेत बॉम्बचं पुस्तक. त्या पिढीला वाटत होतं की आपल्याकडे धैर्य आहे, फक्त तंत्र कमी पडतंय. तंत्र आलं की काम झालं. पण तसं झालं नाही.

बॉम्बची परीक्षा

बंगालमधल्या गटाचे प्रयत्न एकेक करून पाहूया. डिसेंबर १९०७ मध्ये नारायणगडजवळ लेफ्टनंट गव्हर्नर अँड्र्यू फ्रेझरच्या गाडीखाली स्फोट झाला. रुळांचं नुकसान झालं, पण फ्रेझर सुखरूप. त्यानंतर एप्रिल १९०८ मध्ये चंद्रनगरच्या महापौराच्या घरावर बॉम्ब टाकला. त्यालाही काही झालं नाही.

न्यायाधीश किंग्जफोर्डसाठी हेमचंद्रांनी कायद्याच्या एका जाडजूड ग्रंथात बॉम्ब बसवून पाठवला. पुस्तक उघडलं की स्फोट व्हावा अशी योजना. पण या योजनेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती म्हणजे किंग्जफोर्ड ते पुस्तक उघडेल. त्याने ते न उघडताच कपाटात ठेवून दिलं! कित्येक महिने ते तिथे तसंच पडून राहिलं. किंग्जफोर्डच्या घरातल्या कुणा नोकराने धूळ झटकताना ते उघडलं असतं तर? शोशा मशीनगन आठवते ना? बनवणाऱ्याच्या डोक्यातलं जग वेगळं आणि हत्यार जिथे जाऊन पडतं ते जग वेगळं.

यानंतर आला ३० एप्रिल १९०८ चा दिवस. किंग्जफोर्डची बदली बिहारमधल्या मुझफ्फरपूरला झाली होती. खुदीराम बोस आणि प्रफुल्ल चाकी हे दोन तरुण तिथे गेले. रात्री किंग्जफोर्डच्या गाडीसारखी दिसणारी एक घोडागाडी आली. त्यांनी बॉम्ब टाकला. या वेळी बॉम्ब उत्तम चालला. पण गाडीत किंग्जफोर्ड नव्हताच. बॅरिस्टर केनेडी यांची पत्नी आणि मुलगी होत्या. दोघी गेल्या. पोलिसांनी घेरल्यावर प्रफुल्ल चाकीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. खुदीराम ११ ऑगस्टला फासावर गेला. वय अठरा. तुमच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठा, बस्स.

या प्रकरणावर केसरीत लिहिलेल्या लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. २२ जुलै १९०८ ला त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ते मंडालेला गेले. एका बॉम्बचे तुकडे किती लांब उडाले बघा. दोन निरपराध बायका, दोन कोवळे तरुण आणि सगळ्या देशाचा पुढारी. ज्याच्यासाठी तो बनवला होता त्या किंग्जफोर्डला मात्र साधं खरचटलंही नाही.

हा बॉम्ब टाकण्यात बापटांचा हात नव्हता. पण बॉम्बची ती विद्या या देशात आणणाऱ्यांपैकी ते एक होते. इंजिनिअरच्या मनाला हा प्रश्न चुकवता येत नाही. पूल पडला तर त्यावरून जाणाऱ्याला दोष देऊन चालत नाही.

चार वर्षांची भटकंती

अलीपूर खटल्यात नरेंद्र गोसाईं हा माफीचा साक्षीदार झाला आणि त्याच्या जबानीत बापटांचंही नाव आलं. ३१ ऑगस्ट १९०८ ला कनाईलाल दत्त आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी तुरुंगातच गोसाईंला गोळ्या घातल्या. बापट भूमिगत झाले. चार वर्षं नावं बदलत, गावं बदलत ते देशभर फिरले.

बापटांच्या चरित्रातली ही चार वर्षं मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. एरवी पुण्या-मुंबईच्या आणि लंडनच्या सभांमध्ये वावरलेला हा तरुण आता धर्मशाळांत, खेड्यांत, रस्त्यांवर राहत होता. आणि तिथे त्यांना काय दिसलं? आपला देश परक्यांच्या ताब्यात आहे, हेच बहुसंख्य लोकांना ठाऊक नव्हतं. पाऊस कधी येणार, सावकाराचं देणं कसं फिटणार, पोराला ताप आलाय, ही त्यांची चिंता. मुझफ्फरपूरचा स्फोट लंडनच्या वर्तमानपत्रांत गाजला होता, पण शेजारच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यापर्यंत त्याचा अर्थ पोचला नव्हता.

म्हणजे चूक बॉम्बच्या बांधणीत नव्हती. ज्यांच्यासाठी लढायचं ते लोकच त्या लढाईत नव्हते. १८५७ चं काडतूस करणाऱ्यांनी शिपायाचा विचार केला नाही. बॉम्ब करणाऱ्यांनी शेतकऱ्याचा केला नव्हता. इथून पुढे बापटांची दिशा बदलली. आधी लोक जागे झाले पाहिजेत, बाकीचं नंतर.

१९१२ साली इंदूरला ते पकडले गेले. पण त्यांच्याविरुद्ध ठोस पुरावा मिळाला नाही आणि पुढे त्यांची सुटका झाली.

हातात झाडू

सुटून ते पारनेरला आले आणि त्यांनी एक वेगळंच हत्यार उचललं. झाडू! पहाटे उठून गावातले रस्ते झाडायचे, घाण साफ करायची, हा त्यांचा नेम झाला. बी.ए. झालेला, विलायतेला जाऊन आलेला ब्राह्मण रस्ता झाडतोय, हे त्या काळच्या गावाला कसं वाटलं असेल, कल्पना करा. काहींनी वेड्यात काढलं, काहींनी नाकं मुरडली. १९१४ मध्ये त्यांना मुलगा झाला. बारशाला ज्यांना तेव्हा अस्पृश्य मानलं जाई, त्या बांधवांची पंगत त्यांनी आधी बसवली. आज ही साधी गोष्ट वाटते. तेव्हा यासाठी वाळीत टाकत.

नंतर ते पुण्यात टिळकांच्या मराठा पत्रात काम करू लागले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कामातही त्यांनी हात लावला. अंदमानात खितपत पडलेल्या राजबंद्यांच्या सुटकेसाठी सह्या गोळा करत फिरले. १९२० साली मुंबईत झाडूवाल्यांचा संप झाला, तेव्हा ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. झाडूची ओळख होतीच!

मुळशीची हाक

आता आपण पुन्हा मुळशीला येऊ. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीला धरण बांधायचं होतं. घाटमाथ्यावर पडणारा प्रचंड पाऊस अडवायचा, ते पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला सोडायचं आणि त्या जोरावर मुंबईसाठी वीज करायची. कल्पना म्हणून ही उत्तम इंजिनिअरिंग होती. इंजिनिअरिंग शिकलेल्या बापटांना ती नक्कीच कळत होती. पण पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. मावळ्यांना न विचारता त्यांच्या शेतात चर खणायला सुरुवात झाली. १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारने कंपनीच्या मदतीला आणला.

मुळशीचा आंबेमोहोर तुम्ही ऐकला असेल. खाचरात पिकणारा हा सुवासिक भात हेच इथल्या माणसाचं धन. त्यात पुष्कळशा जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या. म्हणजे पैसा मिळणार कागद ज्याच्याकडे आहे त्याला, आणि घर बुडणार जो नांगर धरतो त्याचं.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. सुमारे बाराशे मावळ्यांनी धरणाच्या जागी जाऊन सत्याग्रह सुरू केला. त्यांचे एक प्रमुख नेते होते विनायकराव भुस्कुटे. बापटही यात उतरले. जीव देऊ नाहीतर जमीन राखू, अशी त्यांची घोषणा होती. बायकाही मागे राहिल्या नाहीत. काम काही काळ बंद पडलं. पण पुन्हा सुरू झालं, पुन्हा अटका झाल्या. बापट तुरुंगात गेले, सुटून आले, परत गेले. अभ्यासक या लढ्याला जगातल्या पहिल्या धरणविरोधी लढ्यांमध्ये गणतात. पुढे सावकार मोबदला घ्यायला तयार झाले आणि लढ्यातला जोर ओसरत गेला. उरले ते मावळे, आणि त्यांच्यासोबत बापट.

पुन्हा पिस्तूल

डिसेंबर १९२४. धरणाच्या कामावर माणसं आणि सामान नेण्यासाठी रेल्वे होती. बापटांनी थोड्या साथीदारांसह रुळांवर दगड टाकून गाडी अडवली. या वेळी हातात पिस्तूल होतं. गोळ्या झाडल्या गेल्या, काही लोक जखमी झाले. यानंतर बापट पळून गेले नाहीत. आपण केलं ते उघडपणे कबूल करून ते शिक्षेला सामोरे गेले. त्यांना सात वर्षांची सजा झाली आणि सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात पाठवण्यात आलं.

गांधीजींच्या सत्याग्रहात पिस्तुलाला जागा नव्हती. बापटांचा विचार वेगळा होता. आपल्या मार्गाला ते शुद्ध सत्याग्रह म्हणत. अन्याय थांबवण्यासाठी वेळ पडली तर बळ वापरावं, पण लपूनछपून नाही, आणि त्याची किंमत आपल्या देहाने चुकवावी, असा त्याचा थोडक्यात अर्थ. बॉम्ब फेकून अंधारात पळणाऱ्या जुन्या पद्धतीत त्यांनी ही सुधारणा केली होती. हत्यार चालवणारा हत्याराच्या मागे लपणार नाही, तो समोर उभा राहील.

मित्रांनो, इथे आपण प्रामाणिक राहिलं पाहिजे. ही सुधारणा मोठी होती, पण तिसरा दोष तिनेही गेला नाही. त्या गाडीत कोण होतं? कंपनीचे मालक नव्हते. जमीन संपादन करणारा अधिकारी नव्हता. होती ती कामावर चाललेली माणसं, पोटासाठी हातावर मजुरी घेणारी. बुडणारा मावळा गरीब आणि गोळीच्या टप्प्यात आलेला माणूसही गरीबच. गणेशखिंडीत आयर्स्ट, मुझफ्फरपूरला केनेडी मायलेकी आणि मुळशीत कामावरचे लोक. बंदूक मोठ्या माणसाकडे रोखली जाते, पण तिच्या वाटेत नेहमी जवळचा माणूस येतो. हे म्हटल्याने बापट लहान होत नाहीत. मोठ्या माणसाचं चरित्र वाचताना त्याची चूक झाकली, तर आपण त्याच्याकडून काहीच शिकत नाही.

धरण अखेर झालंच. १९२७ मध्ये भिऱ्याची वीज सुरू झाली. मावळे डोंगराच्या वर सरकले.

शेवटची वर्षं

१९३१ साली बापट सुटले आणि महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले. लवकरच पुन्हा अटक झाली. पुन्हा लांबलचक शिक्षा. १९३७ मध्ये सुटका. त्यानंतर ते सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेले आणि महाराष्ट्र शाखेचे प्रमुख झाले. या वेळीही तुरुंग काही सुटला नाही. पण आता तुरुंगात जायचं कारण बॉम्ब किंवा पिस्तूल नव्हतं. उघड सभेत उघडपणे केलेलं भाषण हे कारण होतं.

१५ ऑगस्ट १९४७ ला पुण्यात तिरंगा फडकवण्याचा मान त्यांना मिळाला. शपथ घेतलेला विशीतला तरुण आता सदुसष्टीकडे झुकला होता. स्वातंत्र्य मिळालं म्हणून ते घरी बसले नाहीत. गोवा मुक्तीच्या लढ्यात आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतही ते उतरले. वयाची सत्तरी उलटलेला हा म्हातारा माणूस मोर्चाच्या पुढे चालताना लोकांनी पाहिला. २८ नोव्हेंबर १९६७ ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

या चरित्रातून काय घ्यायचं?

बापटांनी आयुष्यात तीन-चार हत्यारं हाताळली. रायफल ते शिकले, पण लढाईत ती कधी लागली नाही. बॉम्बची विद्या आणली, तिने भलतीच माणसं गेली. पिस्तूल चालवलं, धरण थांबलं नाही आणि स्वतःची सात वर्षं तुरुंगात गेली. एकच हत्यार असं होतं की जे कधी अडकलं नाही, कधी उलटलं नाही आणि ज्याने चुकूनही निरपराध माणूस मारला नाही. तो म्हणजे पारनेरच्या रस्त्यावरचा झाडू. त्याने घाण तर गेलीच, शिवाय माणसामाणसातला उच्चनीच भावही थोडा झाडला गेला.

एखादी बंदूक वाईट आहे की चांगली, हे ती अडकते की नाही एवढ्यावर ठरत नाही. ती कुणाला लागते, यावर ठरतं. शोशा आणि रॉस यांचे दोष कारखान्यात सुधारता आले. तिसरा दोष कुठल्याच कारखान्यात सुधारता आला नाही. बापट इंजिनिअर होते, त्यामुळे त्यांनी आयुष्यभर सुधारणा करून पाहिली. पुरतं यश आलं नाही. पण आपली चूक दुसऱ्याच्या डोक्यावर न टाकता त्यांनी तिची शिक्षा स्वतः भोगली, म्हणून लोकांनी त्यांना सेनापती म्हटलं.

पुढच्या पावसाळ्यात मुळशीला गेलात तर फोटो जरूर काढा. पण दोन मिनिटं त्या पाण्याकडे नीट बघा. खाली भाताची खाचरं आहेत. आणि खाल्ल्यावर भज्यांचा कागद तिथेच टाकू नका. सेनापतींना ते आवडलं नसतं.

विचार करा आणि वहीत लिहा :

१. हत्यारातले कोणते तीन दोष या पाठात सांगितले आहेत? प्रत्येकाचं एक उदाहरण द्या.

२. भूमिगत असतानाच्या भटकंतीत बापटांच्या विचारात कोणता बदल झाला आणि का?

३. धरणामुळे मुंबईला वीज मिळाली आणि मावळ्यांची गावं बुडाली. असा निर्णय घेताना कुणाकुणाला विचारायला हवं होतं, असं तुम्हाला वाटतं? घरी आजी-आजोबांशी चर्चा करून आठ ते दहा ओळी लिहा.